भरलेल्या दाताची सणक : एका दुर्लक्षित दुखण्याचा इतिहास

किडलेली दाढ कोरून तीत चांदी किंवा सिमेंट भरले, दातांवरचे कीटण खरवडून काढले किंवा दात चहूबाजूंनी घासून त्यावर कॅप बसवली, की मूळ दुखणे थांबलेले असूनही गार पाण्याच्या पहिल्याच घोटाला त्या दातातून सणक निघते, आणि ती बहुधा काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत ओसरते. दंतवैद्यकाच्या इतिहासात या क्षणभराच्या दुखण्याला फारशी जागा मिळालेली नाही. दात उपटतानाच्या वेदनेने बधिरीकरणाच्या शोधाला चालना दिली, म्हणून तिच्यावर ग्रंथ लिहिले गेले. उपचार संपल्यानंतरची सणक मात्र रुग्णाच्या नाजूकपणात जमा झाली. वास्तविक, दाताचा कठीण भाग जिवंत कसा असतो आणि उपचार करणाऱ्याच्या हातून त्याला इजा कशी पोहोचते, हे दोन प्रश्न या सणकेमुळेच पुन्हापुन्हा उभे राहिले, आणि त्यांची उत्तरे मिळायला दीर्घ काळ लागला.

हा इतिहास समजण्यासाठी दाताची रचना थोडक्यात ध्यानात घेतली पाहिजे. दाताच्या दिसणाऱ्या भागावर एनॅमलचे कवच असते. शरीरातील या सर्वांत कठीण द्रव्यात जिवंत पेशी नसतात आणि मज्जातंतूही नसतात. त्याच्याखाली दंतिन हा पिवळसर, हाडासारखा पण हाडाहून घट्ट थर असतो आणि त्याच्याही आत रक्तवाहिन्या व मज्जातंतू असलेला मऊ मगज असतो. दंतिनामधून आरपार सूक्ष्म नलिका गेलेल्या असतात; मगजाजवळ त्यांची संख्या एका चौरस मिलिमीटरला पंचेचाळीस हजारांच्या घरात आणि त्याहूनही अधिक असते, बाहेरच्या बाजूला ती बरीच कमी होते. हिरडीखालच्या मुळावर एनॅमल नसून सिमेंटम नावाचा अगदी पातळ थर असतो, आणि म्हणून हिरडी खाली सरकली किंवा मूळ खरवडले गेले की दंतिन लवकर उघडे पडते.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात मुखरोगांचे जे वर्गीकरण आहे, त्यात खुद्द दातांचे म्हणून आठ रोग गणले असून दंतहर्ष हा त्यांपैकी एक आहे. गार, ऊन किंवा नुसता स्पर्शही दातांना सोसेनासा होणे हे त्याचे लक्षण आणि वातप्रकोप हे त्याचे कारण सांगितले आहे. कोमट स्नेह तोंडात धरणे हा त्यावरच्या उपचारांपैकी एक होय, आणि दातांच्या रुग्णाने आंबट फळे, थंड पाणी, रूक्ष अन्न व फार कठीण पदार्थ वर्ज्य करावेत असा पथ्याचा भागही संहितेत आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मात्र सर्वांत मोलाचा आहे तो दंतशर्करेवरचा, म्हणजे दातांवर साचून कठीण झालेल्या मळावरचा उपचार. दातांच्या मुळांना इजा होऊ न देता ही शर्करा काढावी, त्या जागी लाखेचे चूर्ण मधात कालवून चोळावे आणि त्यानंतर दंतहर्षाची संपूर्ण चिकित्सा, काहीही शिल्लक न ठेवता, करावी असा तो क्रम आहे. यात नलिकांचे किंवा मज्जातंतूंचे ज्ञान शोधत बसणे हा अतिरेक ठरेल; परंतु खरवडल्यानंतर दात हुळहुळे होणार हे वैद्याने आधीच धरून चालावे आणि त्याची जबाबदारी मूळ उपचाराचाच भाग मानावी, ही जाण त्या क्रमात स्पष्ट आहे. उपचाराने निर्माण होणाऱ्या त्रासाला उपचाराच्या विधीतच स्थान देण्याची ही समज नंतरच्या दंतवैद्यकाला फार उशिरा आली.

युरोपात हा विषय दोन वेगळ्या वाटांनी पुढे गेला आणि त्या वाटा दीर्घकाळ एकमेकींना मिळाल्या नाहीत. पहिली वाट सूक्ष्मदर्शकाची होती. डेल्फ्ट येथील आंतोनी व्हान लेव्हेनहूक यांनी दातांविषयीची आपली निरीक्षणे लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवली आणि ती १६७८ मध्ये छापली गेली. दात हा पारदर्शक बारीक नळ्यांचा बनलेला असून अशा सहाशे-सातशे नळ्या एकत्र केल्या तरी त्यांची जाडी दाढीच्या एका केसाहून अधिक भरणार नाही, असा अदमास त्यांनी दिला होता. दुसरी वाट दातांवर हत्यार चालवणाऱ्यांची होती. पिएर फोशार यांचा १७२८ मध्ये पॅरिसमध्ये प्रसिद्ध झालेला ग्रंथ हा आधुनिक दंतवैद्यकाचा आरंभ मानला जातो. दात कानशीने घासणे आणि पोकळीत शिसे, कथील किंवा सोन्याचा पत्रा ठासणे या क्रिया त्यात पद्धतशीर मांडल्या आहेत. बर्लिनच्या फिलिप फाफ यांनी १७५६ मध्ये त्याच्याही पुढचे पाऊल टाकले : किडीमुळे मगज उघडा पडला असेल तर भरलेल्या धातूचा भार त्यावर येऊ नये म्हणून आधी सोन्याचा छोटा, बाकदार पत्रा त्यावर झाकण म्हणून ठेवावा, असे त्यांनी सांगितले. दाताच्या आतल्या जिवंत भागाला भरावापासून जपले पाहिजे, हा विचार युरोपीय ग्रंथांत येथे ठळकपणे दिसतो. तरीही लेव्हेनहूक यांच्या नळ्यांशी त्याचा संबंध कोणी जोडला नाही, आणि दाताच्या कठीण भागात रक्तवाहिन्या आढळत नाहीत म्हणून जॉन हंटर यांच्यासारखा श्रेष्ठ शरीररचनाज्ञ १७७१ मधील ग्रंथात त्या भागाला शरीराच्या रक्ताभिसरणाबाहेरचाच मानत राहिला.

दंतिनातील नलिका एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात पुर्किन्ये आणि रेट्झियस यांच्या अभ्यासातून पुन्हा उजेडात आल्या. पुढे लंडनच्या जॉन टोम्स यांनी १८५६ मध्ये या नलिकांच्या आत मगजाकडून आलेले मऊ तंतू असतात हे दाखवले आणि दंतिनाची संवेदना या तंतूंमुळेच होते असे मत मांडले. आज हे तंतू म्हणजे दंतिन तयार करणाऱ्या पेशींचे फाटे असल्याचे माहीत आहे, आणि खरे मज्जातंतू नलिकेच्या मगजाकडील टोकात थोडेच अंतर शिरतात. परंतु दंतिन दुखते म्हणजे त्यात दुखणारे काहीतरी पृष्ठभागापर्यंत पसरलेले असले पाहिजे, ही समजूत टोम्स यांच्या शोधाने घट्ट झाली. तिच्यातून निघणारा व्यवहार सरळ होता. दुखणारे ते काहीतरी बधिर करायचे, नाहीतर मारून टाकायचे. क्रिओसोट, कार्बॉलिक आम्ल, झिंक क्लोराइड, सिल्व्हर नायट्रेट अशी दाहक द्रव्ये कोरलेल्या पोकळीत लावली जात. यांत सर्वांत घातक होते ते आर्सेनिक. न्यूयॉर्कच्या स्पूनर यांनी १८३६ मध्ये मगज मारण्यासाठी त्याची शिफारस केली होती आणि हुळहुळ्या दंतिनावरही ते वापरले जाऊ लागले. रुग्ण दुखणे थांबल्याच्या समाधानात घरी जाई, पण नलिकांवाटे आत झिरपलेल्या विषाने पुढे संपूर्ण मगज मृत होई आणि मुळाशी गळू धरे.

याच काळात अमेरिकेत भरावाच्या धातूवरून मोठा कलह माजला. सोन्याचा पत्रा ठोकून भरणे हे खर्चाचे व कौशल्याचे काम होते, आणि सोने उष्णतेचे उत्तम वाहक असल्यामुळे खोल पोकळीत भरलेल्या सोन्यातून गार-गरम थेट आत पोहोचे. क्रॉकूर बंधूंनी १८३३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये चांदीच्या नाण्यांचा कीस पाऱ्यात कालवून भरण्याची स्वस्त पद्धत आणली. किडका भाग नीट न काढताच ते हे मिश्रण कोंबत असत, आणि त्या काळचे मिश्रण घट्ट होताना फुगत असल्याने भराव वर येई किंवा दातच तडके. अमेरिकन सोसायटी ऑफ डेंटल सर्जन्स या संघटनेने आपल्या सभासदांना पारामिश्रित भराव न वापरण्याची शपथ घ्यायला लावली आणि त्या वादातच ती १८५६ मध्ये विसर्जित झाली. वाद विषारीपणाचा, व्यवसायाच्या प्रतिष्ठेचा आणि पैशाचा होता. भरलेला दात नंतर का दुखतो या प्रश्नाला त्यात दुय्यम स्थान मिळाले, आणि ज्या अर्थी दोन्ही बाजूंच्या भरावांखाली दात शिवशिवत होते त्या अर्थी कारण केवळ धातूत नसावे, हा साधा निष्कर्ष मागेच राहिला. शतकाच्या अखेरीस ग्रीन व्हार्डिमन ब्लॅक यांनी मिश्रणातील धातूंचे प्रमाण शास्त्रीय कसोटीवर ठरवले तेव्हा फुगण्याचा दोष आवाक्यात आला. भारतात पिढ्यान्‌पिढ्या ‘चांदी भरणे’ म्हणून ओळखली गेलेली क्रिया त्या परंपरेतली आहे.

दरम्यान हत्यारही बदलले. सेंट लुईसच्या जेम्स मॉरिसन यांनी १८७१ मध्ये शिवणयंत्रासारखे पायाने चालवायचे दंतयंत्र पेटंट केले. पायपट्टी दाबली की चाक फिरे, पट्ट्याने ती गती बारीक छिद्रकाला मिळे आणि मिनिटाला सुमारे दोन हजार फेरे होत. हाताने छिन्नी चालवून जे काम पुष्कळ वेळ चाले ते थोडक्यात होऊ लागले. गतीबरोबर घर्षण आले आणि घर्षणाबरोबर उष्णता आली. दंतिन उघडे पडून छिद्रक त्याला लागला की रुग्ण खुर्चीत दचके, आणि हेच दचकणे दंतवैद्याला थांबण्याची सूचना देई.

ही सूचना पुढे बंद झाली. होरेस वेल्स यांनी १८४४ मध्ये नायट्रस ऑक्साइडखाली दात काढून घेतल्याची घटना सर्वज्ञात आहे, पण तो वायू दात उपटण्याच्या कामाचा होता. भराव करताना दात बधिर करणे सर्रास शक्य झाले ते विसाव्या शतकात, प्रथम प्रोकेन आणि १९४८ पासून लिडोकेन बाजारात आल्यावर. रुग्णाच्या दृष्टीने हे वरदानच होते, याविषयी दुमत होऊ नये. तथापि त्याचा एक परिणाम पुरेसा विचारात घेतला गेला नाही : कोरताना होणारी वेदना नाहीशी झाली, तशी हत्यार किती खोल गेले व किती तापले हे सांगणारी खूणही नाहीशी झाली, आणि जी इजा पूर्वी खुर्चीतच जाणवे ती सुईचा अंमल उतरल्यावर रात्री घरी जाणवू लागली. उपचारानंतरची सणक ही स्वतंत्र तक्रार म्हणून ठळक होण्यामागे हे स्थलांतर आहे.

अमेरिकेच्या जॉन बॉर्डेन यांचे एअरोटर यंत्र १९५७ मध्ये आले आणि दाबाच्या हवेवर फिरणाऱ्या त्याच्या छिद्रकाची गती मिनिटाला तीन लाख फेऱ्यांपर्यंत गेली. एवढ्या गतीबरोबर उष्णताही वाढते, आणि उष्णता मगजाला किती धोक्याची आहे हे झाक आणि कोहेन यांनी १९६५ मध्ये माकडांच्या दातांवर दाखवून दिले. मगजाचे तापमान केवळ साडेपाच अंश सेल्सिअसने वाढले तरी सुमारे पंधरा टक्के दातांतला मगज पुन्हा सावरला नाही. ही उष्णता टाळण्यासाठी पाण्याचा फवारा कोरण्याच्या क्रियेचा अविभाज्य भाग बनला.

भारतात दंतवैद्यकाचे संस्थात्मक शिक्षण या साऱ्या घडामोडींच्या मध्यावर सुरू झाले. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कलकत्त्याला देशातील पहिले दंतमहाविद्यालय काढले. मुंबईच्या नायर रुग्णालयातील दंतविभागाची सुरुवात १९३३ ची, आणि व्यवसायाचे नियमन करणारा डेंटिस्ट्स अॅक्ट १९४८ चा. या पिढीच्या दंतवैद्यांच्या हाती सणकेवरचे जे सर्वांत भरवशाचे साधन होते, त्याचा अर्धा भाग घरोघरच्या मसाल्याच्या डब्यातला होता. दुखऱ्या दाढेखाली लवंग धरणे हा घरगुती उपाय. त्याच लवंगेच्या तेलात झिंक ऑक्साइडची पूड काचेच्या तुकड्यावर पात्याने घोटली की मऊ लगदा होतो आणि पोकळीत भरल्यावर तो थोड्या वेळात घट्ट बसतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झालेला हा लेप मगजाला शांत करतो, उष्णता अडवतो आणि कडांशी चांगला चिकटून जंतूंना वाट देत नाही. चांदी भरण्यापूर्वी खोल पोकळीच्या तळाशी त्याचा थर देणे हा कित्येक दशके शिरस्ता होता. त्याने सणक का थांबते याची संगती नंतर लागली. थांबते हे मात्र पक्के माहीत होते.

ती संगती लावण्याचा पहिला धागा झुरिकच्या आल्फ्रेड गीझी यांनी १९०० मध्ये दिला होता. दंतिनातील नलिका द्रवाने भरलेल्या आहेत आणि त्या द्रवाची हालचाल म्हणजेच संवेदनेचे कारण, असे त्यांनी सुचवले. पण टोम्स यांच्या तंतूंची मोहिनी इतकी होती की ही सूचना सहा दशके जवळजवळ पडून राहिली. तिला प्रयोगाचे बळ दिले स्वीडनच्या मार्टिन ब्रेनस्ट्रॉम यांनी, १९६० च्या दशकात. त्यांच्या प्रयोगांचे सौंदर्य साधेपणात आहे. उघड्या दंतिनावर कोरडा, शोषक कागदाचा तुकडा ठेवला की रुग्णाला कळ येई. तोच कागद पोटॅशियम क्लोराइडच्या समतोल द्रावणात भिजवून ठेवला तर काहीच होत नसे, जरी हेच द्रावण उघड्या मगजावर तीव्र वेदना देणारे असले तरी. दंतिनाच्या पृष्ठभागावर मज्जातंतू असते तर परिणाम उलटा दिसायला हवा होता. कोरडा कागद नलिकांतला द्रव बाहेर ओढतो. हवेचा झोत त्याला सुकवून ओढतो. घट्ट साखरपाण्याने तो रसाकर्षणामुळे बाहेर येतो. थंडीने आकुंचन पावून सरकतो. प्रत्येक वेळी द्रव वेगाने हलतो आणि नलिकेच्या आतल्या टोकाशी असलेल्या मज्जातंतूंना धक्का बसतो. सूक्ष्म नळ्यांतील द्रवाच्या या हालचालीवर आधारलेल्या उपपत्तीला द्रवगतिक उपपत्ती म्हणतात आणि आज ती सर्वाधिक मान्य आहे. दंतवैद्यकाच्या साऱ्या इतिहासात इतक्या थोड्या साहित्यानिशी इतका जुना गैरसमज दूर करणारे संशोधन क्वचितच झाले असेल. भरावानंतरच्या सणकेचा अर्थही त्यातून उलगडला : भराव आणि दात यांच्यामध्ये केसाएवढी फट राहिली तरी तिच्यातल्या द्रवाला गार-गरमाने किंवा चावण्याच्या दाबाने हालचाल मिळते, आणि त्याच फटीतून शिरलेले जंतू मगजाला सूज आणून मज्जातंतू अधिक हळवे करतात. या जंतूंकडे ब्रेनस्ट्रॉम यांनी आग्रहाने लक्ष वेधले.

तोवर भरावाचे नवे युग सुरू झाले होते, आणि फट बुजवण्याची आशा त्याच युगावर होती. अमेरिकेच्या रॉचेस्टर शहरातील मायकल ब्युओनोकोर यांनी १९५५ मध्ये एनॅमलवर फॉस्फोरिक आम्ल लावून त्याचा पृष्ठभाग खडबडीत केला की त्यावर राळेसारखे कृत्रिम द्रव्य घट्ट धरते, हे दाखवले, आणि बोवेन यांच्या नव्या राळेने १९६० च्या दशकात दाताच्या रंगाचा कॉम्पोझिट भराव शक्य केला. जपानच्या ताकाओ फुसायामा यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस एनॅमलबरोबर दंतिनावरही आम्ल लावण्याचा पुरस्कार केला तेव्हा पाश्चात्त्य देशांत कडाडून विरोध झाला. त्यामागे तर्क होता. कोरताना दंतिनाचा जो चुरा होतो तो पृष्ठभागावर लिंपला जाऊन नलिकांची तोंडे बंद करतो, आणि अमेरिकेच्या डेव्हिड पॅशली यांच्या मापनांनी हा थर द्रवाच्या वाहण्याला किती मोठा अडथळा करतो हे सिद्ध केले होते. आम्ल नेमका हाच थर धुऊन काढते. त्यानंतर राळ नलिकांत पूर्ण शिरून गोठली तर दात बंद होतो, नाही शिरली तर हजारो नळ्या उघड्याच राहतात. आम्ल धुतल्यावर दंतिन हवेने फार सुकवले तर त्याच्या पृष्ठभागावरचे तंतूंचे जाळे कोसळते आणि राळेला आत शिरायला वाव उरत नाही, हे १९९० च्या दशकात कळले आणि दंतिन किंचित ओलसर ठेवण्याची रीत आली. भरीला, कॉम्पोझिट गोठताना दोन-तीन टक्क्यांनी आकसते आणि भिंतींना आत ओढते. जुना लवंगतेलाचा लेपही आता खाली देता येईना, कारण त्यातील युजेनॉल राळेला नीट घट्ट होऊ देत नाही. दाताच्या रंगाच्या सुंदर भरावाबरोबर ‘डॉक्टर, सिमेंट भरल्यापासून दाढ शिवशिवते’ ही तक्रार वाढली ती या सर्व कारणांच्या मेळातून. विल्सन आणि केंट यांनी १९७० च्या सुमारास लंडनमध्ये सिद्ध केलेले, दाताला रासायनिक रीतीने चिकटणारे ग्लास आयोनोमर सिमेंट खालच्या थरासाठी वापरणे हा त्यावरचा एक तोडगा ठरला.

उघड्या नलिकांवरची औषधे वेगळ्या वाटेने विकसित झाली. फिलाडेल्फियाच्या लुई ग्रॉसमन यांनी १९३५ मध्ये आदर्श औषधाच्या कसोट्या मांडल्या : त्याने मगजाला इजा होऊ नये, लावताना दुखू नये, लावणे सोपे असावे, गुण लवकर यावा, तो टिकावा, दातावर डाग पडू नये आणि परिणाम दरवेळी सारखा यावा. स्ट्रॉन्शियम क्लोराइड असलेली सेन्सोडाइन टूथपेस्ट १९६१ मध्ये आली, पोटॅशियम नायट्रेटचा गुण १९७४ मध्ये नोंदला गेला, आणि आज औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या अनेक पेस्ट या दोन मार्गांचे, म्हणजे नळ्या बुजवणे आणि मज्जातंतू शांत करणे यांचे, विस्तार आहेत. त्या सर्व कसोट्यांना एकत्र उतरणारे द्रव्य मात्र अजून हाती आलेले नाही.

चुऱ्याचा थर धुऊन न काढता त्यातूनच दंतिनात शिरणारी, स्वतःच सौम्य आम्ल असलेली चिकटद्रव्ये जपानमध्ये विकसित झाली तेव्हा भरावानंतरची सणक आता संपेल अशी अपेक्षा होती. दोन्ही पद्धतींच्या रुग्णांवरील चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला असता सणकेच्या प्रमाणात म्हणण्याजोगा फरक आढळला नाही. द्रव्याची निवड महत्त्वाची खरीच, पण दंतिन किती खोल कोरले, किती सुकवले, कॉम्पोझिट किती पातळ थरांनी भरले आणि निळा कागद चावायला देऊन भराव उंच राहिलेला नाही ना हे तपासले की नाही, यांवर अधिक काही अवलंबून असल्याचे त्यावरून दिसते. आणि अशा उंच राहिलेल्या भरावाने दुखणारी दाढ तेवढाच भाग घासल्यावर बहुधा एक-दोन दिवसांत शांत होते.